ठणठणीत

साहेबांच्या उजव्या हातात जाडजूड अंगठी होती. कुठलीही इमारत दाखवा, ते आधी खांबाजवळ जायचे, अंगठीने टकटक करायचे, मान कलती करून ऐकल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत!" बांधकामाच्या धंद्यात त्या टकटकीचं केवढं कौतुक! नवखे इंजिनियर तिची नक्कल करायचे. आणि भूकंपाच्या प्रयोगशाळेतली ती बाई, डब्याची पिशवी खुंटीला अडकवता अडकवता, रोज त्या टकटकीची वाट बघायची. पाहुण्याची बघावी तशी नव्हे, काठी घेऊन बिळाशी बसावं तशी.

तिचे वडील सुपरवायझर होते. कारखान्याच्या कामगारांसाठी चार मजली इमारत उठली, तिचं ड्रॉइंग साहेबांचं आणि देखरेख वडिलांची. खाली नुसते खांब, सायकली लावायला मोकळी जागा, वर घरं. त्यातल्या दोन खोल्या वडिलांनाही मिळाल्या. एका सकाळी जमीन हलली. फळीवरची भांडी खाली आली, माणसं जिने उतरून अंगणात आली, पण इमारत उभी राहिली. वडिलांनी खालून एक फेरी मारली. एका खांबाच्या गळ्याशी केसाएवढी तिरपी चीर होती. "आज कुणी वर जायचं नाही," ते म्हणाले.

दुपारी साहेबांची गाडी आली. अंगठी वाजली. मान कलली.

"ठणठणीत आहे. घाबरून काय होतंय? चला, पोरंबाळं आत न्या."

एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द! लोक आत गेले. वडिलांनी मात्र बायकोचा आणि लेकीचा हात सोडला नाही. झाडाखाली सतरंजी टाकून दोघींना बसवलं. दिवे लागायच्या वेळेला दुसरा हादरा आला. सकाळच्या निम्माही नव्हता. आणि तेवढ्याने ती इमारत गुडघ्यांत मोडून खाली बसली.

चौकशीत साहेब म्हणाले, मी आत जा असं म्हणालोच नाही. लोकांना सुपरवायझरने आत सोडलं, आणि काँक्रीटही त्यानेच कच्चं घातलं. नाहीतर त्याची स्वतःची बायको-मुलगी तेवढी बाहेर कशी? वाचलेल्यांना कारखान्याने नवी घरं दिली, आणि नव्या घरांत गेल्यावर त्यांना ती दुपार नीटशी आठवेना. वडिलांनी दोन जीव वाचवले होते, तोच त्यांच्यावरचा पुरावा ठरला. पुढे ते भाजी आणायलासुद्धा लांबच्या गल्लीत जायचे. मान खाली घालून जगले आणि तशीच घालून गेले.

आईने रडणं केव्हाच संपवलं होतं. भांडी घासताना ती स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी म्हणायची, राखेखालच्या निखाऱ्यासारख्या:

बोलला गं बोल, बोल माघारी घेतला,
माझ्या गं धन्याच्या माथ्यावरी ठेवला.

त्या ओळी ऐकत मुलगी शिकली, मोठी झाली, लग्न झालं, आडनाव बदललं. आणि प्रयोगशाळेत येऊन तिने हादऱ्यांचं टेबल हाती घेतलं.

ते टेबल म्हणजे एका खोलीएवढा पोलादी ओटा. खालून तेलाच्या दाबाने त्याला कुठल्याही भूकंपासारखं हलवता येतं. तेलाचा पंप ज्यांच्या ताब्यात होता त्यांना सगळे तेलकाका म्हणत. त्यांच्या शर्टाला, डब्याला, बोलण्यालासुद्धा तेलाचा वास.

तिने साहेबांचं जुनं ड्रॉइंग मिळवलं आणि तसाच खांब उभा केला, डोक्यावर काँक्रीटचं वजनदार ओझं ठेवून. सळ्यांभोवतीच्या रिंगा ड्रॉइंगात होत्या तशाच, लांब लांब, खांबाला नीट आवळून न धरणाऱ्या. फक्त एका ठिकाणी तिचा हात सुटला. काँक्रीट कच्चं होतं असं म्हणायला जागाच उरू नये, म्हणून तिने ते असं जबरदस्त घातलं की टेबलाने त्या दिवसाचे दोन्ही हादरे दिले तरी खांब ढिम्म उभा. म्हणजे तिच्याच हाताने सिद्ध झालं काय? ड्रॉइंग बरोबर, काम वाईट. वडील दोषी.

ती टेबलाच्या कडेला बसली. डबा उघडला नाही.

"ताई," तेलकाका हात पुसत म्हणाले, "तुम्ही सूड घेताय की प्रयोग करताय?"

"दोन्ही."

"मग आधी प्रयोग नीट करा. सूड रागाने बिघडतो बघा. माझा पंप नाही का, जास्त दाब दिला की आपणच वॉशर फोडून घेतो."

तिला हसू आलं आणि मग लाज वाटली. त्या इमारतीच्या ढिगाऱ्यातले काँक्रीटचे तुकडे, चौकशीच्या वेळी आणलेले पण कुणी न तपासलेले, प्रयोगशाळेच्या कोठारात पडून होते. ते चिरडून बघितल्यावर कळलं की वडिलांचं काँक्रीट कच्चं नव्हतंच; जेवढं सांगितलं होतं त्याहून थोडं चांगलंच होतं. तेवढ्याच ताकदीचं तिने कालवलं, ना तसूभर जास्त, ना कमी. खांबाला वरपासून खालपर्यंत सेन्सर चिकटवले. हे सेन्सर म्हणजे खांबाची नाडी. धडधाकट खांब घाईने झुलतो. आत मोडला की झोका मंदावतो, वरून कितीही उजळ दिसो. नव्या खांबाला सकाळचा हादरा दिला. खांब उभा राहिला. नाडी मात्र निम्म्यावर आली. मग संध्याकाळचा दिला, आणि खांब बसला.

त्या दिवशी तिने डबा चाटूनपुसून खाल्ला. मग तसाच आणखी एक खांब ओतला आणि प्रयोगशाळेच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांचं नाव सुचवलं. संचालकबाई खूश झाल्या. "अगं, एवढा मोठा माणूस, येईल का?"

"येतील. खांब वाजवायला मिळणार म्हटल्यावर येतील."

पुढच्या रांगेत तिने आईला बसवलं. आईशेजारी त्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना. काकूंचा नवरा त्या दिवशी साहेबांच्या शब्दावर आत गेला होता, आणि नवं घर मिळाल्यावर काकू चौकशीत गप्प राहिल्या होत्या. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. नुसतं म्हणाली, "पंख्याखाली बसा. घाम फुटेल."

साहेब आले. पांढरे केस, तीच अंगठी. तिला त्यांनी ओळखलं नाही. ओळखायला त्यांनी कधी तिच्याकडे बघितलंच कुठे होतं?

तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "हा जुन्या पद्धतीचा खांब आहे. नोंदवलेला एक खरा भूकंप आपण त्याला देणार आहोत." टेबल घरघरलं, खडखडलं, खुर्च्यांच्या पायांतून कंप वर चढला. खांब डोलायचं तेवढं डोलला आणि थांबला. टाळ्या पडल्या. मागच्या मोठ्या पडद्यावर नाडीची रेघ खाली घसरली होती.

"साहेब, पडद्यावर मोजमाप आलंय. बघता का आधी?"

"मोजमाप तुम्ही बघा हो, बाई. आमच्या वेळी यंत्रं नव्हती. आम्हाला हात पुरायचा." साहेब हसत उठले, पिवळी रेघ ओलांडली, टेबलावर चढले आणि थेट त्या ओझ्याखाली उभे राहिले.

ती नियंत्रणाच्या खोलीत परतली, तोच तिथला फोन खणाणला. तेलकाका होते. "ताई, माणूस टेबलावर आहे. दाब उतरवू ना?"

तिचं बोट बटणावर होतं. संध्याकाळचा हादरा तयार होता, फक्त दाबायचा अवकाश. काचेतून साहेब दिसत होते, अंगठीचा हात उचलून उभे. वर टांगलेलं मरण, खाली तोच माणूस. वडिलांची झुकलेली मान तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि झाडाखालची सतरंजी. छातीत काहीतरी गोड गोड भरून आलं. हे आपल्याला इतकं गोड लागतंय, याची तिला भीती वाटली.

"ताई?"

"उतरवा, काका," ती म्हणाली. "मेलेला माणूस कबूल कसं करणार?"

टकटक ऐकू आली. मान कलती झाली. साहेब खाली उतरले, तेव्हा ती माइक घेऊन समोर उभी होती.

"साहेब, हे घर असतं, वर माणसं राहत असती, तर त्यांना आज आत जाऊ द्यायचं?"

"बेलाशक!" साहेबांनी माइक आपल्या हातात घेतला. "ठणठणीत आहे. घाबरून काय होतंय? चला, पोरंबाळं आत न्या."

सभागृह हसलं. पुढच्या रांगेत आई ताठ बसली. काकूंनी पदराचं टोक तोंडात कोंबलं.

"काका," नियंत्रणाच्या खोलीत परतून ती फोनवर म्हणाली, "दाब द्या."

तिने बटण दाबलं. हादरा लहान होता, एवढासा. मागच्या रांगेतल्यांना तर टेबल हललं हेही कळलं नसतं. पण खांबाच्या गळ्याशी तिरपी चीर उमलली, लांब लांब घातलेल्या रिंगा एकेक उघडल्या, सळ्या बाहेर वाकल्या, आणि वरचं ओझं खालच्या लोखंडी आधारावर असं कोसळलं की काचा वाजल्या. धूळ उठली. साहेब मघाशी उभे होते ती जागा दिसेनाशी झाली.

"काँक्रीट कच्चं असणार," साहेब म्हणाले. सवयीनेच निघालं ते. ती काचेमागच्या खोलीतून बाहेर आली.

"त्या इमारतीच्या ढिगाऱ्यातल्या काँक्रीटएवढंच पक्कं आहे, साहेब. तुम्ही सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच." तिने पडद्यावर ड्रॉइंग आणलं. कोपऱ्यातली ऐटबाज सही सगळ्यांना ओळखू आली. मग ती इमारतीबद्दल बोलली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आवाज चढवला नाही. "तिथले सुपरवायझर माझे वडील. तुम्ही चौकशीत म्हणालात, आत जा असं तुम्ही बोललाच नाहीत."

"नव्हतोच बोललो. कोण म्हणतं? साक्षीदार आणा."

धूळ अजून खाली बसत होती.

काकू उठल्या. खुर्चीची पाठ धरून उठल्या. "मी आहे ना," त्या म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर हेच बोलला होतात. आमचे हे चहा अर्धा टाकून आत गेले. मी ऐकलं होतं. तेव्हा दोन खोल्यांसाठी गिळलं, आज नाही गिळवत."

संचालकबाईंनी माइक साहेबांच्या हातातून काढून घेतला. "हे सगळं नोंदवलं गेलंय," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "चौकशी पुन्हा उघडायला मी स्वतः लिहीन."

साहेब तिच्याजवळ आले. ओठ पांढरे पडले होते. "बाई, मी म्हातारा झालोय. आता उकरून काय मिळणार तुम्हाला?"

"माझे वडीलही म्हातारे झाले असते," ती म्हणाली. "त्यांना तेवढी सवलत तुम्ही दिली नाहीत."

काकू आईच्या हाताकडे हात न्यायला बघत होत्या. आईने हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. तिच्या तोंडून त्या दोन ओळीही आल्या नाहीत. जणू निखारा ज्याचा होता त्याच्या ओंजळीत पडला होता.

साहेब एकटेच दाराकडे निघाले. कुणी पोचवायला उठलं नाही. दारावर जाडजूड तुळई होती, आणि तिच्या खाली येताच त्यांचे पाय थबकले. नजर वर गेली. अंगठीचा हात चौकटीपर्यंत उचलला गेला आणि न वाजवताच तसाच खाली आला. ना आत, ना बाहेर, ते उंबऱ्यावर उभे राहिले.

आई जागेवरूनच, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली,

"जा साहेब. ठणठणीत आहे. घाबरून काय होतंय?"