मागचं डावं चाक

भूपेंद्रला कोणत्याही वस्तूत आधी चूक दिसायची. बुऱ्हाणपूरच्या पालिकेत नकाशे काढायची नोकरी, त्यामुळे डोळ्यांना ती सवय लागली असेल, किंवा ती सवय होती म्हणून नोकरी टिकली असेल. त्याची बायको तृप्ती म्हणायची, "तुम्हाला पोळी वाढायचीही भीती वाटते मला. तिचा पण परीघ मोजाल."

नोकरीबाहेर त्याला एकच नाद होता. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायच्या गाड्या, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या. असा नवा संच आला की तो मोबाइलचा कॅमेरा लावून खोका उघडायचा, एकेक भाग कॅलिपरमध्ये धरायचा आणि खऱ्या गाडीच्या मापाशी ताडून बघायचा. बोनेट अर्धा मिलीमीटर फुगलंय, पुढच्या काचेचा कल चुकलाय, दाराची मूठ नुसतीच उठवलीय, खाली बोट जाईल अशी खोबण नाही. असे त्याचे हिंदीतले व्हिडिओ कुठले कुठले लोक बघायचे आणि त्याला 'मिलीमीटर भैया' म्हणायचे. कोणी फुकट संच पाठवला तरी त्याची जीभ मऊ होत नसे. याचा त्याला थोडा अभिमानही होता.

उन्हाळा सरता सरता एका रविवारी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, पांढरा शर्ट, हातात बुटांचा खोका. खोका त्याने दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू आत काहीतरी झोपलंय.

"तुम्हीच ना ते मिलीमीटरवाले?"

"हो. तुम्ही?"

"मी गिरधर. शाहपूरचा. केळीवाला." तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. "माझा पोरगा ललित तुमचे व्हिडिओ पाहे. जेवताना पन पाहे. चैत्रात गेला तो. आमचीच जीप पलटी झाली, इच्छापूरच्या रस्त्यावर."

तृप्तीने पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं.

गिरधरने खोका उघडला. आत घरच्या कापसात एक छोटी जीप ठेवली होती.

"त्यानं बनवली ही. आमच्याच जीपसारखी. तुम्ही बाकीच्यांच्या बघता ना, तशी बघा. माझ्याकडं बघून दया करू नका. तो म्हने, या मानसानं चांगली म्हटली तरच ती चांगली."

भूपेंद्रने खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला, जीप त्यावर ठेवली आणि भिंग घेतलं. गिरधरच्या मोबाइलमध्ये खऱ्या जीपचे फोटो होते, लग्नातले, शेतातले. ते शेजारी ठेवून तो एकेक जागा बघू लागला.

बघता बघता तो थरारला. परदेशी संचातलं स्टिअरिंग डावीकडे असतं. ललितने ते उजवीकडे आणलं होतं, आणि त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड नव्याने कोरला होता. ताडपत्री पातळ कागदाला गोंद पाजून केली होती, तिच्या घड्या फोटोतल्या घड्यांसारख्याच पडल्या होत्या. चाकांच्या वरचा चिखल बाटलीतल्या तयार रंगाचा नव्हता. ती तापीकाठची काळी माती होती, वाळून राखाडी झालेली. उजव्या दिव्याच्या काचेला बारीक तडा होता. फोटोतही होता.

"तुमचा मुलगा फार मोठा कारागीर होता, काका," भूपेंद्र म्हणाला. "मी खरं सांगतोय. असं काम आजवर माझ्या हातात आलेलं नाही."

"चुका सांगा," गिरधर म्हणाला.

"आरशाची दांडी थोडी जाड झालीय. काचेभोवतीची रबराची रेघ एका ठिकाणी हललीय. बाकी..." त्याने जीप अलगद उलटी केली. "हे मागचं डावं चाक. बाकीच्या तिन्हींवर टायरची नक्षी स्पष्ट आहे, यावर पार गेलीय. पॉलिश पेपर मारताना हात जास्त चालला असणार. एवढ्या सुंदर कामात ही चूक राहायला नको होती."

गिरधरने त्या चाकावरून बोट फिरवलं.

"ती चूक नाही, भाऊ."

"म्हणजे?"

"तसंच होतं ते. गुळगुळीत." त्याचा आवाज सपाट होता. "पोरगा मागं लागला होता, बाबा, टायर बदला. मी म्हनलो, केळीची कटाई होऊन जाऊ दे. कटाई झाली. मग म्हनलो, लग्नसराई आहे, जाऊ दे. टायरचं दुकान इथंच, बुऱ्हाणपूरले. किती वेळा तर दुकानासमोरून गेलो. एक दिवस त्यानं ही गाडी माझ्यासमोर ठेवली. म्हने, बघा बाबा, काही राहिलंय का? मी जेवत होतो. म्हनलो, छान झाली. चाकाकडं मी पाह्यलंच नाही. तो गेल्यावर पाह्यलं."

भूपेंद्रच्या कानात आपलेच शब्द वाजत होते. अख्ख्या जीपमध्ये जे सर्वांत खरं होतं, त्यालाच तो चूक म्हणाला होता.

"दुसरं चाक लावून द्या," गिरधर म्हणाला. "त्याची माय बैठकीत ठेवते ही. रोज उचलून पुसते. तिला टायरचं काही माहीत नाही. एक ना एक दिवस तिचं बोट त्या जागी जाईल. मग मी काय सांगू?"

भूपेंद्रच्या खणात तशा मापाचे टायर होते. दुसऱ्या कोणी असं काही मागितलं असतं तर तो चिडला असता. हे खोटं आहे, हे त्याला कळत होतं. पण समोर बसलेल्या माणसाने रिकामा खोका अजून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि त्या हातांपुढे खरं-खोटं मोजायचं कुठलं माप त्याच्याकडे नव्हतं. त्याने चिमट्याने जुना टायर उतरवला, नवा चढवला, त्यावर ओली माती लावून ती वाळू दिली. फरक कोणाला कळला नसता.

जाताना गिरधरने तो जुना टायर खिशात घातला. पुलावरून तापीत टाकून दिला, असं त्याने नंतर फोन करून सांगितलं. आवाज जरा मोकळा वाटला.

आठवड्यातच त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. यावेळी बाईचा आवाज होता.

"मी ललितची माय. सरुबाई. चाक तुम्ही बदललं का?"

"काकू, काका म्हणाले..."

"मी त्यायले नाही विचारलं. तुमाले विचारते."

"हो. बदललं."

"या इकडं," ती म्हणाली. "तुमचं सामान घेऊन या."

रविवारी तो बसने शाहपूरला गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी उभी होती, हिरवीगार, आणि खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं. घर बाजाराच्या मागे होतं. गिरधर मळ्यात गेला होता. सरुबाई बारीक अंगाची, नेसलेलं लुगडं स्वच्छ, डोळे कोरडे. जीप तिने बैठकीच्या खाटेवर, धुतलेल्या रुमालावर ठेवली होती.

"होतं तसं करून द्या."

"तुम्हाला टायरचं माहीत होतं?"

"मले काय माहीत नसंल? त्यानं माझ्यासमोर बसून घासलं ते. मी म्हनली, कशाले खराब करतोस? तो म्हने, खराब नाही करत, खरं करतो. बाबांना तोंडानं सांगून कळत नाही, डोळ्यानं तरी कळंल." ती थांबली. "यायले, ललितच्या बाबाले, मी काही बोलली नाही. मले वाटलं, यायनं चाक कधी पाह्यलंच नसंल. मग कशाले सांगायचं?"

जुना टायर नदीत गेला होता. तेव्हा भूपेंद्रने नवाच टायर हातात घेतला आणि पॉलिश पेपरने त्याची नक्षी घासू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो चांगली वस्तू बिघडवत होता. काळी भुकटी रुमालावर पडत होती. थोडं घासून त्याने टायर पुढे केला.

सरुबाईने तो उजेडाकडे धरला. अंगठा फिरवला.

"अजून."

त्याने आणखी घासलं.

"आतल्या अंगानं जास्त होतं. तिकडं घासा."

तो घासत राहिला. ती प्रत्येक वेळी अंगठा फिरवी आणि मान हलवी. आजवर कुठलाही संच त्याने इतक्या बारकाईने बघितला नव्हता, जितक्या बारकाईने ही बाई मुलाच्या मरणाचं ते चाक बघत होती. शेवटी ती म्हणाली, "हां. असंच. आतल्या कडेले रबर जाऊन तार दिसत होती, ती काही तुमाले येनार नाही. राहू द्या."

"तुला तारेचं कसं माहीत?"

दोघांनी वर पाहिलं. दारात गिरधर उभा होता, पायाला मळ्यातला चिखल. तो केव्हा आला, कोणाला कळलं नव्हतं.

सरुबाई उठली नाही. "त्या दिवशी सकाळी त्यानं मले नेऊन दाखवलं. म्हने, बघ माय, तार दिसते. मी बसनंच जातो."

"मग?"

"मावशीकडं डबा पोचवायचा होता. मी म्हनली, बसले टाइम लागतो, जीप घेऊन जा." तिने टायर भूपेंद्रच्या हातात दिला. "लावा."

भूपेंद्रने तो कसाबसा लावला. चिमटा दोनदा निसटला. गिरधर उंबऱ्यावरच खाली बसला. त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि त्याच्या घशातून जो आवाज आला तो रडण्यासारखाही नव्हता. सरुबाई त्याच्याकडे बघत राहिली. जवळ गेली नाही. भूपेंद्रने सामान आवरलं. जायला वाट उंबऱ्यावरूनच होती, म्हणून गिरधरच्या अंगावर पाय पडणार नाही असा तो भिंतीला घासून बाहेर पडला.

जीपचा व्हिडिओ त्याने केला नाही. नंतर इतर गाड्यांचे केले, मापंही सांगितली, पण लोक लिहू लागले की भैयाचा आवाज बसलाय.

दिवाळीत त्याने शाहपूरला फोन लावला. सरुबाईने उचलला.

"कसे आहात दोघं?"

"श्रावणभर बोललो नाही एकमेकांशी," ती म्हणाली. "ते मळ्यातच झोपत. आता घरी येतात. आता भांडतो."

"कशावरून?"

"ते म्हनतात त्यायच्यामुळं झालं. मी म्हनते माझ्यामुळं. रोज तेच. कोनी मागं हटत नाही."

मागून गिरधरचा आवाज आला, कोनाचा फोन आहे म्हणून. तिने नाव सांगितलं. तो फोनवर आला नाही.