शून्यावर चार टक्के

आमच्या भूगोल विभागात बावीस वर्षं मी नकाशे लावतो आणि उतरवतो. शाळा आठवीत सुटली, पण मानवी भूगोलाचा अर्थ, स्वरूप आणि व्याप्ती मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा. कारण विभागप्रमुख दरवर्षी तेवढंच शिकवतात. माणूस आणि त्याचा परिसर यांच्या संबंधांचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल, हे वाक्य ते अशा थाटात टाकतात की जणू आत्ताच सुचलंय. व्याप्ती येईपर्यंत परीक्षा येते. पोरं त्यांना व्याप्तीसर म्हणतात आणि खरं सांगायचं तर मीही.

विभागाच्या मागे भिंत आणि भिंतीमागे आमची वस्ती. सरांच्या खिडकीतून आमची वाळत घातलेली धुणी दिसतात. तीनशे माणसं राहतात, नळ एकही नाही. बायको रोज मोठा रस्ता ओलांडून पाणी आणते. गेल्या महिन्यात एका गाडीखाली येता येता वाचली. 

अशात नगरपालिकेचं पत्र आलं. नवी जलवाहिनी कुठे टाकायची ते ठरवायचंय, तुमच्या विभागाचा वस्ती-सर्वेक्षण अहवाल पाठवा. मला काय करू नि काय नको असं झालं. अहवालाची प्रत मीच काढायला घेतली. आमच्या वस्तीच्या जागेसमोर लिहिलं होतं, लोकसंख्या शून्य.

माझं डोकंच फिरलं. चौकशी केली तेव्हा कळलं, सर्वेक्षण एकदाच झालं होतं, मी कामाला लागलो त्या वर्षी. तेव्हा तिथे नुसतं मैदान होतं. त्यानंतर उन्हात कोण कशाला जातंय? सर दरवर्षी जुन्याच आकड्यांत चार टक्के वाढवतात. शून्यात चार टक्के वाढवून काय येतं, ते आठवीवाल्यालाही कळतं.

तडक सरांपुढे जाऊन उभा राहिलो. खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, मग ती धुणी कोणाची? सरांनी चष्मा पुसला, बाहेर पाहिलं आणि दहा मिनिटं व्याप्तीवर बोलले. शेवटी एकदाचे मुद्द्यावर आले. शून्याचे एकदम तीनशे केले तर आलेख मोडेल, इतक्या वर्षांचं काम संशयात येईल, विभागाची अब्रू जाईल. पण माणूस मनाचा वाईट नाही. पेन काढून म्हणाले, "तुम्ही आमच्यातले. तुमच्यापुरतं करून टाकू. एक."

आणि मी गाढव, खूश झालो. इतकी वर्षं ज्यांनी 'ए नकाशा' म्हणून हाक मारली, ते मला तुम्ही म्हणाले, वर अहवालात घेतलं. तो एकचा आकडा मी कितीतरी वेळ बघत राहिलो. अहवाल मीच पाकिटात घातला आणि मीच पालिकेत नेऊन दिला.

पंधरा दिवसांनी पालिकेचा अभियंता अहवाल घेऊन वस्तीत आला. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळी वस्ती त्याच्याभोवती लोटली. त्याने गर्दीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, कपाळ पुसलं. लोक म्हणाले, अहवाल चुकलाय साहेब, डोळ्यांनी बघा. तो म्हणाला, माझं काम मोजायचं नाही, पडताळायचं आहे. पन्नासाच्या खाली नळ देता येत नाही. मग त्याने विचारलं, "इथे राहणारा तो एक माणूस कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटं बोलायला जीभ रेटेना, शेवटी हात वर केला. अभियंत्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि निघून गेला.

शेजारीपाजारी आपापल्या घरी पांगले. बायकोने रिकामी बादली उचलली, रस्त्याकडे निघाली आणि माझ्यापाशी क्षणभर थांबली.

"अहो, निदान मला तरी धरायचं होतंत."