हसऱ्या तोंडाचं बटण

“हसरं बटण मेलंय. दाबलं तरी टक् होत नाही,” टकटकबाई गेटवरच्या वॉचमनला म्हणाल्या.

“बाई, तुमची ड्यूटी संपली ना? मग घरी जा की!”

कारखाना विजेच्या बटणांचा आणि टकटकबाई तिथल्या शेवटच्या तपासनीस. प्रत्येक बटण दाबायचं, टक् वाजलं तर पास, नाही तर लाल स्टिकर. त्यांच्या हातून खराब नग आजवर बाहेर गेला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी ताठा होता. लेकीच्या नव्या घरी गेल्या तेव्हाही त्यांनी आधी सगळ्या खोल्यांतली बटणं दाबून पाहिली, तीन बाद केली आणि मगच चहा घेतला. जावई तेव्हापासून त्यांच्याशी जपून बोलतो.

बायका कामावर कितपत खूश आहेत हे मोजायला कंपनीने गेटवर एक यंत्र बसवलं होतं. त्यावर तीन तोंडं: हसरं, मख्ख आणि रडकं. घरी जाताना मनात असेल ते दाबायचं. हसरं दाबून काहीच होईना, तेव्हा बायका शेजारचं दाबून बसमागे पळायच्या.

महिना संपला आणि मॅनेजरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या कारखान्यात एकही बाई हसली नव्हती! वरून फोन आला तसे ते तडक लाइनवर हजर झाले.

“बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. खरं सांगा, या हसत का नाहीत?”

‘यंत्र खराब आहे, साहेब,’ हे टकटकबाईंच्या अगदी ओठांवर आलं. हात लाल स्टिकरकडे गेलासुद्धा. तेवढ्यात शेजारी पॅकिंग करणाऱ्या, सगळ्या जिला धाकटी म्हणत त्या मुलीच्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं. पोरीला सातवा महिना होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि लाइनवर बसायची सोय नव्हती. स्टूल मागितलं की साहेब म्हणायचे, “माणूस बसलं की काम बसतं.” शनिवारी ती नोकरी सोडणार होती. घरात कमावणारी ती एकटीच.

टकटकबाईंनी स्टिकर खिशात कोंबला.

“साहेब, दिवसभर उभं राहून किती हसणार?”

दोन दिवसांत स्टुलं आली. धाकटी बसली आणि घळाघळा रडायलाच लागली. साहेब घाबरले.

“आता काय झालं हिला?”

“काही नाही, साहेब. बसायची सवय नाही ना,” टकटकबाईंनी सांभाळून घेतलं.

“मावशी, शनिवारचं रद्द हं,” धाकटी डोळे पुसत हळूच म्हणाली.

संध्याकाळी वॉचमनने टकटकबाईंना गेटवर अडवलं.

“बाई, तुमचं खरं निघालं. मी दाबून पाहिलं, हसरं बटण मेलंयच. साहेबांना सांगतो आत्ता.”

आज आलेली स्टुलं उद्या परत जायला कितीसा वेळ? टकटकबाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या. हसऱ्या तोंडावर बोट ठेवून त्यांनी ते नीट, शेवटपर्यंत दाबलं. बटण मुकंच राहिलं. तेव्हा त्यांनी वॉचमनकडे पाठ करून जिभेनेच टक् वाजवलं.

“ऐकलंस? वाजतंय की. पास.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे असेल,” वॉचमन म्हणाला. बटणांच्या बाबतीत त्यांचा शब्द कुणी खोडत नसे.

बसमध्ये जागा मिळाली, तरी टकटकबाई उभ्याच राहिल्या. खिशातला लाल स्टिकर त्यांच्या बोटाला चिकटला होता, तो काही केल्या सुटेना.