प्रेमिलाच्या पदरावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना काजळीचा कण आहे. जन्मलो तेव्हा स्वस्थ बसणं मला ठाऊक नव्हतं.

माझा जन्म नागपुरात, गांधीबागेतल्या एका घरी, शामलाच्या बारशाला झाला. काजळ एरंडेलाच्या दिव्यावर धरायची रीत. पण दिवा मंद, आणि बाळाच्या आत्याला, भागीरथाबाईला, भारी घाई.

"याच्यावर संध्याकाळ होईन वं! पाहुणे पाळण्यापाशी बसून राहिले," असं म्हणत तिने घरात नवीनच आलेली घासलेटची चिमणी पेटवली, वात मोठी केली आणि वर पितळी थाळी धरली.

तापलेल्या घासलेटची वाफ झाली. पुरेशी हवा मिळती तर ती पुरती जळून गेली असती आणि मी जन्मलोच नसतो. पण एवढ्या मोठ्या ज्योतीला हवा अपुरी पडली. अर्धवट जळालेले अंश एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म गोल मणी झाले, मण्याला मणी भिडून वेडीवाकडी साखळी झाली. ती साखळी म्हणजे मी! वर जाता जाता माझे काही मणी जळाले, उरलेला मी थाळीवर आपटलो. भागीरथाबाईने मला तुपात मळलं, तशी माझी साखळी मुडपून घट्ट गोळा झाली. अंगाला घासलेटचा उग्रपणा होताच. आता हे त्या कोवळ्या डोळ्यांत जाणार होतं. पण तेव्हा मला बोलता कुठे येत होतं?

बाळंतीण प्रेमिलाला तो वास आला. नणंदेपुढे ती कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"बाई, हे पोरीच्या डोळ्यात नका घालू."

"काहून? आत्याचा मान आहे माहा!"

"मग आधी माह्या डोळ्यात घाला."

भागीरथाबाईने रागारागाने तिच्या डोळ्यात काजळाचं बोट फिरवलं. प्रेमिला कळवळली. डोळा लाल झाला, पाण्याची धार लागली. भागीरथाबाईचा चेहरा उतरला. तिने हात धुतले आणि एरंडेलाचा दिवा लावला. पाहुणे थांबले.

मी आसवाबरोबर पदरावर उतरलो, तो आजतागायत इथेच आहे.

मित्रांनो, दिव्याची वात बेताची ठेवा, त्याला हवा मिळू द्या. आमच्यासारखे कण जन्मले नाहीत तरी चालेल.

मोठी झालेली शामला एकदा ते लुगडं घासायला बसली, तेव्हा प्रेमिला म्हणाली, "तेवढा डाग राहू दे वं. तो तुह्या वाट्याचा होता."