एकेक वीत आत

आमच्या दुकानात माझं काम दुभाष्याचं. दोन्हीकडची भाषा एकच आहे, तरीसुद्धा. दुकानात शिरलं की डावीकडे थोरला भाऊ बसतो, त्याला मी दादा म्हणते. उजवीकडे धाकटा, तो मला ताई म्हणतो. मधे काउंटरवर मी, रस्त्याकडे तोंड करून. शिलाई मशीन दुरुस्तीचं हे दुकान वडिलांनी टाकलं आणि आम्ही तिघं अजून त्यातच आहोत. दोघा भावांची टेबलं दोन भिंतींना लावलेली, म्हणजे बसायचं ते एकमेकांकडे पाठ करून. दादाला काही हवं असलं की तो म्हणतो, "ठमे, त्याला सांग, बारीक स्क्रूड्रायव्हर दे." हात मागे केला तर लागेल एवढ्या अंतरावर धाकटा बसलेला. पण मी मान वळवून "दादा बारीक स्क्रूड्रायव्हर मागतोय" म्हटल्याशिवाय त्याचा हात हलायचा नाही. मग धाकट्याचं उत्तर, "त्याला सांग, सापडला तर देतो." तेही मीच पोचवायचं. पोस्टमनला निदान या कामाचा पगार असतो.

हे असं का झालं, तर एका वाक्यापायी. फार वर्षांपूर्वी एक शिंपीणबाई मशीन न्यायला आल्या होत्या. घासाघीस करणाऱ्या, संशयी. त्यांची समजूत काढायला दादा म्हणाला, "काळजी करू नका हो, याचं काम मी दुसऱ्यांदा तपासूनच देतो." उचलली जीभ लावली टाळ्याला. धाकट्यानं हातातलं काम खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, पण तोंडाला कुलूप घालून. दादाला वाटलं, दोन दिवसांत बोलेल, मग बोलू. त्यानं पण वाट बघितली. एक हट्टी, दुसरा त्याच्यावर कडी. मधे मी, जात्यात सापडल्यासारखी.

यंदा दोघांना एकदमच शहाणपण सुचलं. आधी दादा म्हणाला, "ठमे, दुकानाच्या मधे फळी घालून घेऊ. त्याचं तो, माझं मी." मी निरोप न्यायला वळले तर धाकटा म्हणतो, "त्याला सांग, मी हेच सांगणार होतो." एवढ्या वर्षांत यांचं एकमत झालं ते यावर! सुतार ठरला, सोमवार ठरला. फळी काउंटरच्या मधोमध सुरू होऊन मागच्या भिंतीपर्यंत जाणार.

"आणि मी कुठे बसू?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? माझ्याकडे," दादा म्हणाला.

"ताई माझ्याकडेच बसणार, त्याला सांग," धाकटा म्हणाला.

"सुतार येतोच आहे करवत घेऊन. मलाही मधोमध कापून घ्या," मी म्हटलं आणि चहाचा कप असा आपटला की त्याचा कान तुटला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. या निरोप्याच्या कामाला मी रोज शिव्या घालायची, पण निदान त्या निमित्तानं दोघांचे शब्द एकमेकांच्या कानांवर पडत होते. फळी लागली की तेही गेलं. या वयात मग कोण कुणाच्या दारात जाणार? ते दोघं कायमचे परके होणार होते, आणि मी कुठल्याही एका बाजूला बसले तरी दुसऱ्याला गमावणारच होते.

तेवढ्यात भिंगरी आली. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. तिला परगावी नोकरी लागली होती, महिनाअखेर निघायचं होतं. तिच्याकडे एक व्हिडिओ कॅमेरा होता, मुठीत मावणारा. "आत्या, फळी लागायच्या आत मला तुम्ही तिघं एका चौकटीत हवेत. काम करताना. हात चालताना," ती म्हणाली.

मागणं साधं, पण दुकान एवढं अरुंद की तिथंच घोडं अडलं. दारावरच्या शेल्फवर कॅमेरा ठेवून आत बघितलं तर चौकटीत मी एकटी, दोन्ही बाजूंना भावांच्या पाठीचा एकेक तुकडा. रस्त्यावर जाऊन बघितलं तर दुकानाच्या दर्शनी काचेवर समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या आणि मधून माणसं जायची. कॅमेरा इकडून तिकडे फिरवत नेला तर आधी बाबा, मग आत्या, मग काका. "तसं नको," भिंगरी म्हणाली. "तसं तर फळी लागल्यावर पण घेता येईल."

म्हणून आम्ही दोघी कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालक निवांत माणूस, घाईचं त्याला वावडं. त्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावरचे आटे बघितले आणि पेटीतून तीन जोडभिंगं काढून रुमालावर मांडली. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे हे भिंग फिरवून बसवायचं, म्हणजे समोरचं जास्त रुंद दिसतं, असं त्यानं मला समजावलं. पहिलं हलकं, प्लास्टिकचं वाटणारं. दुसरं फुगीर, बेडकाच्या डोळ्यासारखं. तिसरं जाड काचेचं, कॅमेऱ्याहून वजनदार. नाकापेक्षा मोती जड.

"सगळ्यात चांगलं कुठलं?" मी विचारलं. मला आडवळणानं बोलणं जमत नाही.

"तुम्हाला काय टिपायचंय त्यावर आहे," तो म्हणाला. "हे फुगीर सगळ्यात जास्त मावून घेतं, पण कडेचं वाकवतं. हे जड सगळं सरळ दाखवतं, पण त्याला मावतं थोडं कमी. माणसं जवळ घ्यावी लागतात."

तिसऱ्याचे आटे मोठे होते, मधे एक रिंग लागणार होती, ती तो रविवारी मागवून देणार होता. भिंगरी त्याच्या मुलीची मैत्रीण, म्हणून त्यानं तिन्ही भिंगं वापरून बघायला दिली. सोमवारी संध्याकाळी दोन परत करायची.

पहिल्यानं पहिल्याच तासात नाव घालवलं. चारी कोपऱ्यांत काळोख, आणि भाऊ दोघेही नेमके त्या काळोखात. "हे म्हणजे विहिरीत डोकावून बघितल्यासारखं झालं," धाकटा म्हणाला. शनिवारी सकाळी भिंगरीनं फुगीर भिंग लावलं, कॅमेरा दारावरच्या शेल्फवर ठेवला, टेकू म्हणून खाली बॉबिनचा डबा सरकवला आणि बटण दाबून आपली खरेदीला निघून गेली. धरून उभं राहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे आम्ही तासाभरात विसरूनही गेलो.

संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं बातम्यांसाठी ठेवलेल्या छोट्या टीव्हीला कॅमेरा जोडला. आधी सगळे हसले. मागच्या भिंतीची कपाटं धनुष्यासारखी वाकलेली. दोघं भाऊ दोन्ही कडांना, झिंगल्यासारखे आत कललेले. आणि मधे मी! माझं पोट आधी दुकानात शिरलंय, मी मागाहून येतेय.

"बंद कर ते," मी म्हटलं. "भिंग आहे की दुष्मन?"

"भिंत वाकडी दिसते," दादा म्हणाला. वाकडं काहीही त्याला खपत नाही. "ठमीचं पोट बरोबर दिसतंय."

मी त्याला काही ऐकवणार, तेवढ्यात पडद्यावर दादा उठून चहाला बाहेर गेला. तो गेल्याबरोबर उजव्या कडेचा धाकटा उठला. दादाच्या टेबलाखालचं बिडाचं जड मशीन त्यानं दोन्ही हातांनी उचललं, आपल्या टेबलाखाली नेलं, आणि त्या जागी आपल्याकडचं एक हलकं मशीन आणून ठेवलं. दोन्हींवर बांधलेल्या, कुठलं काम कुणाचं त्या चिठ्ठ्यासुद्धा बदलल्या. मधे मी, सगळ्याला पाठ करून, कुणाशी तरी हुज्जत घालतेय.

भिंगरीनं बंद करायला हात पुढे केला, तर दादाच म्हणाला, "राहू दे."

थोड्या वेळानं पडद्यावरचा धाकटा तेल आणायला बाहेर पडला. आता डाव्या कडेचा दादा उठला. त्यानं धाकट्याच्या ताटलीतली बॉबिन केस, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याची डबी, उचलली, दिव्याजवळ नेली, चष्मा कपाळावर सारून तिचा तो मोहरीएवढा स्क्रू जरासा फिरवला, दोरा ओढून बघितला. पुन्हा फिरवला. मग बॉबिन केस जिथं होती तिथंच, तशीच आडवी ठेवली आणि जागेवर येऊन बसला.

म्हणजे हा खरोखरच दुसऱ्यांदा तपासत होता! ज्या वाक्यापायी एवढं रामायण झालं, ते वाक्य धाकट्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो टीव्हीकडे बघत होता.

"ताई, त्याला विचार, हे कधीपासून चाललंय."

"त्याला सांग," दादा म्हणाला, "बारीक काम करताना त्याच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं तेव्हापासून. आणि त्याला विचार, माझ्या टेबलाखालची जड मशीनं पाय फुटून कुठे जात होती. मी आपला समजत होतो, हल्ली सगळी हलकीच येतात."

"त्याला सांग, आपल्या कमरेला विचार म्हणावं. मशीन उचलल्यावर भिंतीला धरून उभा राहतो, मला दिसत नाही की काय?"

आणि माझा पारा चढला. एवढी वर्षं मी यांच्या मधे बसले. हिला हे कळत नाही, हिला ते कळत नाही, असं दोघांकडून ऐकून घेतलं. आणि माझ्या पाठीमागे हे चाललं होतं! काखेत कळसा म्हणतात तो हा.

"मी नाही सांगत," मी म्हटलं. "आजपासून बंद. कुणाचं काही सांगणार नाही. ज्याला सांगायचंय त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, नाहीतर फळीला सांगावं."

दादानं दिवा मालवला, धाकट्यानं शटर ओढलं, आणि दोघं दोन दिशांना गेले. मला वाटलं, संपलं. आपणच शेवटचा धागा तोडला. रविवारभर मला अन्न गोड लागलं नाही.

सोमवारी सकाळी भिंगरी रिंग घेऊन आली आणि तिनं ते जड भिंग बसवलं. कॅमेरा पुढे झुकायला लागला तसा बॉबिनचा दुसरा डबा खाली घातला. मग तिनं मला बोलावून छोटा पडदा दाखवला. काय सुरेख दिसत होतं! कपाटं सरळ, भिंती सरळ, माझं पोट माझ्याच मापाचं. फक्त दोन्ही कडांना भावांचे हात कापले जात होते. पाठ दिसायची, मान दिसायची, आणि काम करणारे हात चौकटीच्या बाहेर.

"हेच भिंग घ्यायचं," भिंगरी म्हणाली. "पण तुम्ही दोघं टेबलासकट एकेक वीत आत या. बाबा, काका, फक्त एकेक वीत."

कुणी हललं नाही. मला माहीत होतं दोघं कशाची वाट बघतायत ते. आधी त्यानं सरकावं. आणि ते सांगायला मी होतेच ना, आजवर! शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. मी ओठ मिटून काउंटर पुसत बसले. पुसलेलाच पुन्हा पुसला. सुतार यायची वेळ होत आली होती.

"सरक जरा आत," दादाचा आवाज आला.

त्यात ठमे नव्हतं. सांग नव्हतं. माझा हात फडक्यावर तसाच राहिला.

"कुठवर?" धाकट्यानं विचारलं.

"स्टुलाला स्टूल लागेपर्यंत ये. आणि टेबल एकटा ओढू नकोस, थांब."

"तू नको वाकूस. मी ओढतो. तुझंही मीच ओढतो."

टेबलाचे पाय फरशीवर करकरले. वर्षानुवर्षं टेबलामागे पडलेल्या सुया, बॉबिन, स्क्रू घरंगळत बाहेर आले. दोघं बसले तेव्हा पाठीला पाठ लागत होती. भिंगरीनं पडद्यात बघितलं, मान डोलावली आणि बटण दाबलं.

तेवढ्यात सुतार आला. कानाला पेन्सिल, हातात मापाची पट्टी. त्यानं काउंटरच्या मधोमध खूण केली, आत बघितलं आणि डोकं खाजवलं. "फळी न्यायची कुठून? मधे तर हे दोघं बसलेत."

दादानं मान वर केली नाही. धाकटा ताटलीत काहीतरी चाचपत होता. दादानं मागे न बघता बारीक स्क्रूड्रायव्हर खांद्यावरून मागे केला, धाकट्यानं तो न मागताच घेतला.

"आलाच आहात तर हा ड्रॉवर बघा," मी सुताराला म्हटलं. "कधीचा अडकतोय मेला."

भिंगरी गेली, चित्रफीत तिच्याबरोबर गेली. जाण्याआधी तिनं ती आम्हाला दाखवली. सगळं स्वच्छ. दादा दिसतो, धाकटा दिसतो, दोघांचे हात बोटांच्या टोकांपर्यंत दिसतात. भिंगरी तेवढी माझ्यावर चिडली. एवढं भिंग शोधलं, एवढी खटपट केली, आणि त्यात आत्याचा चेहराच नाही. मधे सगळा वेळ माझी पाठ दिसते, कारण मी खुर्ची फिरवून आत बघत बसले होते.