सावलीची घडी

निंबाची सावली भर दुपारी झाडापासून सुटी होते आणि नीट ओढली तर चादरीसारखी हातात येते, हे विमल तितरमारेच्या लक्षात आलं तेव्हा ती अंगणात मंडपाचे पडदे वाळत घालत होती. पडद्याच्या काठाबरोबर सावलीचाही काठ तिच्या चिमटीत आला. तिने तो सोडला नाही.

भंडाऱ्यात तितरमाऱ्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. नवरा गेल्यापासून विमल आणि तिचा दीर प्रभाकर मिळून तो चालवत. मोठ्या कापडाची घडी घालणं तिच्या हातातच होतं. आधी नखाने काठ सोडवायचा, मग श्वास रोखून ओढायचं, मग उन्हाकडे पाठ करून दुमडायचं, आणि शेवटी तळहाताने दाबून गारवा आत कोंडायचा. घडी झाली. उशीएवढी, गडद आणि बरीच जड.

ती तिने सासऱ्यांच्या खोलीवर नेऊन उलगडली. खोलीवर टिनाचं छप्पर होतं आणि उन्हाळाभर म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. त्या दुपारी ते घोरले. उठल्यावर म्हणाले, "बाई, हा गारवा कुठून आणला?"

"झाडाचा आहे, मामाजी."

"मग राहू दे," ते म्हणाले.

झाड मात्र बोडकं झालं. पानं होती, फांद्या होत्या, खाली लख्ख ऊन. नवी सावली यायला पुढचा उन्हाळा लागणार, हे बघताक्षणीच कळत होतं.

प्रभाकर हे सगळं जिन्यात उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "वहिनी, मले शिकवा न. नागपूरच्या लग्नांत सावली भाड्यानं देऊ. कूलर कोण लावील मग?"

"तुम्ही पाहिलंच आहे," विमल म्हणाली. "अजून काय शिकवू?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चिंचेखाली ऊन पडलं होतं. प्रभाकर नजर वर करत नव्हता. विमलने विचारलं नाही, पण तिचं मन खट्टू झालं. हे आपल्याला सुचलंय, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असायला पाहिजे, असं तिला वाटलं. कोणीतरी सांगितलं, पेटंट घ्या. नमुना न्यावा लागतो. तिने सासऱ्यांच्या छपरावरची सावली काढली, घडी घातली, कापडी पिशवीत भरली. टिन लगेच तडतडायला लागलं.

"संध्याकाळच्या आत आणते, मामाजी."

"ये बाई लवकर," आतून आवाज आला. "मी थोडं पाणी मारून बसतो."

ऑफिस नागपूरला एका जुन्या इमारतीत होतं. तपासणी अधिकारी नंदुरकर साहेब एका लांब टेबलाशी बसले होते. टेबलाच्या मधोमध भिंत होती. ती टेबलातून आणि साहेबांतूनही गेली होती, त्यामुळे विमलला त्यांचा एक डोळा, एक कान आणि अर्धी मिशी दिसत होती. साहेबांचं उरलेलं अंग पलीकडच्या खोलीत होतं.

"नमुना दाखवा," साहेब म्हणाले.

विमलने सावली फरशीवर उलगडली. ती टेबलाखालून पसरत गेली, खुर्च्यांवर चढली, भिंतीखालून पलीकडे गेली. खोली गार झाली. साहेबांनी वरचं बटण काढलं.

"छान. आता कसं करता ते सांगा. इथे सांगितलं की ते सुरक्षित होतं."

"म्हणजे काय होतं?"

"दुसऱ्या कोणाला करता येत नाही."

विमलने सांगितलं, काठ नखाने कसा सोडवायचा. साहेबांनी एका हाताने टाइप केलं. मग तिने सहज आपलं बोट पाहिलं. नख होतं तिथेच होतं, पण ते कुठे घालायचं असतं हे त्याला आठवत नव्हतं. तिने फरशीवरच्या सावलीचा काठ उचलून पाहायचा प्रयत्न केला. नुसती फरशी खरवडली गेली.

"साहेब, मला जमत नाही आहे."

"तुम्ही सांगितलं ना आता."

"पण ते माझंच आहे."

"म्हणून तर सुरक्षित केलं," साहेब म्हणाले. त्यांना यात काही अडचण दिसत नव्हती, आणि विमलला अडचण नेमकी कशी मांडायची ते कळेना. ती पिशवी धरून उठली. बाकीचं सांगायचंच नाही, घरी जायचं, असं तिने ठरवलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून प्रभाकरचा आवाज आला; तोही आपला अर्ज घेऊन आला होता.

"मग श्वास रोखून ओढायचं, साहेब."

साहेबांचा न दिसणारा हात पलीकडे टाइप करत होता. विमल भिंतीला म्हणाली, "भाऊजी, सांगू नका! हातातून जातं."

"तुम्ही काहून सांगून राहिल्या मग?" प्रभाकर म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाच आवाज बारीक झाला. "वहिनी, ओढतात कसं?"

"अर्धवट अर्ज रद्द होतो," साहेब म्हणाले. "रद्द झाल्यावर ते कोणाचंच राहत नाही. तुमचंही नाही, त्यांचंही नाही."

विमलला टिनाचा तडतडाट ऐकू आल्यासारखा वाटला. ती घाईने खाली बसली आणि दुमडायचं कसं ते सांगून टाकलं. तिची पाठ एकदम अनोळखी झाली, ऊन कुठल्या बाजूला असतं हेच तिला कळेना. पलीकडे प्रभाकर दाबायचं कसं ते सांगत होता.

"झालं," साहेब म्हणाले. "दोघांचंही मंजूर. आता हे उचला, ऑफिस बंद करायचंय." त्यांना जांभई आली. त्या गारव्यात त्यांचा एक डोळा मिटला, आणि पलीकडचाही मिटला असावा, कारण दोन्ही खोल्यांतून घोरणं ऐकू यायला लागलं.

प्रभाकर वळसा घालून अलीकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मले काठ सोडवता येतो," तो म्हणाला. "दुमडताही येतं. ओढणं गेलं."

"मला ओढता येतं," विमल म्हणाली. "चला. मामाजी उन्हात आहेत."

चिंचेच्या दिवसापासून ते एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. आता बोलायची गरजही पडली नाही. प्रभाकरने नखाने काठ सोडवला. विमलने श्वास रोखून ओढलं. सावली भिंतीखालून आली, टेबलावरून आली, खुर्चीवरून आली. नेहमीपेक्षा जड लागत होती. ओढता ओढता साहेबही भिंतीतून अख्खे निघून आले, झोपलेलेच, दुसऱ्या अर्ध्या मिशीसकट.

"वहिनी, हे?"

"मला मधेच थांबता येत नाही," विमल म्हणाली. "तुम्ही दुमडा."

प्रभाकरने खिडकीतल्या उन्हाकडे पाठ केली आणि दुमडलं. विमलने तळहाताने दाबलं. घडी उशीएवढीच झाली. पिशवीत भरली तेव्हा ती सावकाश वर-खाली होत होती.

भंडाऱ्याच्या एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. पिशवी त्यांनी मधे ठेवली, एक बंद तिने धरला, एक त्याने. गाडी पुलावर आली तेव्हा आतून कोणीतरी कूस बदलली.

कंडक्टर जवळ आला. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग दोघांकडे.

"किती जण?"

विमलने प्रभाकरकडे पाहिलं. प्रभाकर बोटांवर मोजत होता.