वाकडं सहावं छिद्र

नोरीन हस्लरला सूड उगवायला नऊ वर्षं लागली. त्यातली तीन कोंबड्यांनी घेतली.

ओहायोतल्या कोलंबसमध्ये दर ऑक्टोबरात जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा बाजार भरतो. मधोमध एक टेबल असतं आणि त्या टेबलावर क्लेटन प्रूट बसतो. लोक त्याला ‘नाक’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तो खूश होतो. कारण तो गिटारीचं वय वासावरून सांगतो. पेटी उघडायची, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे, मग गिटार पालथी करून पाठ बघायची आणि साल जाहीर करायचं. कुणी म्हणालंच, की गिटारीची मान, म्हणजे दांडी, काढून आतला तारखेचा शिक्का बघा, तर तो म्हणायचा, “माझं नाक हाच माझा स्क्रू-ड्रायव्हर.”

बहुतेक भांडणं मॅडिगन कंपनीच्या ‘रायडर’ गिटारीवरून व्हायची. मूळ रायडर एकोणसाठच्या सुमाराची. ब्याऐंशीत कंपनीने तिची हुबेहूब नवी आवृत्ती काढली, म्हणजे रीइश्यू. मूळ विकली तर घर येतं. रीइश्यू विकली तर त्या घरातला फ्रिज. दोन्ही ओळखायची खूण प्रूटनेच शोधली होती. पाठीवर तारा ओवायची सहा छिद्रं असतात. मूळ गिटारीत ती एका ओळीत. रीइश्यूत सहावं जरा खाली घसरलेलं, कवायतीत एकाच पोराचा पाय चुकावा तसं.

सत्त्याण्णव साली नोरीनचा बाप ऑर्विल आपली रायडर घेऊन या टेबलापाशी आला. ऑर्विलने मॅडिगनच्या कारखान्यात एकतीस वर्षं छिद्रं पाडली होती. प्रूटने हुंगलं, गिटार उलटली आणि हसू लागला.

“ऑर्विल, जन्मभर भोकं पाडलीस आणि सरळ भोक कसं असतं तेच विसरलास? ब्याऐंशीची आहे रे बाबा ही!”

आणि त्याने गिटारीच्या पाठीवर पिवळं लेबल थापलं : रीइश्यू. भोवती कारखान्यातले जुने सोबती उभे होते. ते पोट धरून हसले.

ऑर्विलने पेटी बंद केली आणि घर गाठलं. पेटीसकट गिटार कोंबड्यांच्या खुराड्यात टांगून तो घरात जाऊन बसला. गावात त्याचं नाव पडलं ‘रीइश्यू ऑर्विल’. न्हावी म्हणायचा, पाद्री म्हणायचा. दोन हिवाळ्यांनी तो गेला तेव्हा बोलिंग क्लबने पाठवलेल्या पुष्पचक्राच्या फितीवर लिहिलं होतं : ‘रीइश्यू ऑर्विलला, प्रेमपूर्वक’. खरोखर प्रेमानेच लिहिलं होतं त्यांनी. नोरीनला तेच जास्त झोंबलं.

महिन्याभराने खुराड्यातून गिटार खाली काढताना तिला पेटीच्या अस्तराखाली एक पत्र सापडलं. ते वाचता वाचता ती मटकन खाली बसली, एका अंड्यावर. पण उठली नाही. आधी पत्र पुरं केलं.

तिची मैत्रीण डेल्मा बाजारात तारांचा स्टॉल लावायची. ती म्हणाली, “अगं, मग पत्र दाखव त्याला आणि हो मोकळी.”

“पत्र दाखवलं तर तो म्हणेल, माफ करा, चूक झाली. लोक म्हणतील, किती मोठ्या मनाचा माणूस! मला तो मोठा नकोय डेल्मा. मला तो बुटका हवाय. आणि बाबांच्या गिटारीवरचं लेबल त्याच्याच नखांनी निघायला हवंय.”

नोरीनचा धंदा गिटारी दुरुस्त करण्याचा. तिने ब्याऐंशीची एक रीइश्यू मिळवली, सहावं छिद्र लाकडाने बुजवलं, ओळीत नवं पाडलं, वर रंग असा बसवला की तिला स्वतःलाही जागा सापडेना. मग बापाच्या जुन्या पाइपमधली राख आणि पोटमाळ्यावरची धूळ पेटीत शिंपडून ती उघडी पेटी खुराड्यात ठेवली. तीन हिवाळे.

यंदा, म्हणजे दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात, ती दोन पेट्या घेऊन टेबलापाशी उभी राहिली. पहिली पेटी उघडली. प्रूटचं नाक आत गेलं ते बराच वेळ बाहेर आलं नाही.

“आहाहा,” तो आतूनच म्हणाला. “पोटमाळा. पाइप ओढणारा मालक. आणि ही मागची उबदार छटा… हा वास आता बनत नाही.” त्याने गिटार उलटली. सहा छिद्रं, एका ओळीत. “एकोणसाठ! बाई, घर घ्या.”

“लिहून द्या.”

त्याने सही करून दिलं. नोरीनने कागद डेल्माकडे दिला आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

“अहो, अहो! आजोबांचे दात मोजतं का कुणी?”

“मोजतात. कवळी असली तर.”

चार स्क्रू निघाले, मान सुटली. आत जांभळा शिक्का होता : मार्च १९८२. पलीकडच्या स्टॉलवर कुणीतरी मक्याचं कणीस चावत होतं तेही थांबलं.

“पण वास…” प्रूट म्हणाला.

“बर्निसचा आहे.”

“कोण बर्निस?”

“माझी कोंबडी. तीन वर्षं याच पेटीत अंडी घालतेय.”

आधी एकजण हसला. मग पोट धरून सगळे हसले, आणि त्यात ऑर्विलचे तेच म्हातारे सोबती होते. नोरीनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने दुसरी पेटी उघडली. पिवळं लेबल तसंच होतं.

“हिचं साल सांगा.”

प्रूटने या वेळी हुंगलं नाही. “ही ऑर्विलची. सहावं छिद्र वाकडं आहे.”

नोरीनने मान काढली. आत पेन्सिलीने लिहिलं होतं : १४ ऑक्टोबर १९५९. ओ. एच. मुलगी झाली.

“पेन्सिल काय, कुठल्याही दुकानात मिळते,” प्रूट पुटपुटला.

“मग हे वाचा. मोठ्याने.”

त्याने कारखान्याचं पत्र वाचायला घेतलं. “श्री. हस्लर, नवी आवृत्ती काढण्यासाठी मापं घ्यायला आपण आपली गिटार दिलीत, आभारी आहोत…”

“मोठ्याने, नाक!” डेल्मा ओरडली. “मागे ऐकू येत नाहीये!”

“…सोबत एक हॅम पाठवत आहोत. गिटारीचं सहावं छिद्र वाकडं आहे, हे आमच्या लक्षात आलं. मुळाशी प्रामाणिक राहायचं म्हणून सर्व सहाशे गिटारींत आम्ही ते तसंच वाकडं ठेवणार आहोत. डिसेंबर १९८१.”

“बाबा सहावं छिद्र पाडत होते तेव्हा दवाखान्यातून फोन आला, मी झाले म्हणून,” नोरीन म्हणाली. “हात हलला. बिघडलेली म्हणून कारखान्याने ती गिटार त्यांनाच देऊन टाकली. आपली चूक सहाशे वेळा छापली गेली, याची त्यांना इतकी लाज वाटायची, की या सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा ते रीइश्यू होऊन मेले. आता लेबल काढा. नखांनी.”

नऊ वर्षांचा गोंद होता. प्रूट कोपऱ्यापासून खरवडू लागला. लोक आधी उभे राहून बघत होते, मग खुर्च्या आणून बसले. न्हावी बसला, बोलिंग क्लब बसला. नोरीनने डबा उघडून सँडविच काढलं. ते संपलं तेव्हा प्रूट ‘री’ संपवून ‘इ’वर आला होता आणि त्याची दोन नखं तुटली होती.

“सावकाश,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”

शेवटचा तुकडा निघाला. खाली चिकट, काळपट चौकोन उरला. प्रूटने कपाळ पुसलं, खिशातून फडकं काढलं आणि त्यावर स्पिरिट ओतलं.

नोरीनने त्याचं मनगट धरलं.

“पुसायचं नाही. सत्त्याण्णवचा अस्सल गोंद आहे तो.”